ऐंशी टक्क्यांवर चार्जर काढायचा का? एका घरगुती प्रश्नाचा माग

दिवाळीला अकोल्याला मामाकडे गेले होते. फराळाचं ताट पुढे आलं आणि पाठोपाठ प्रश्नही आला. "तू बॅटऱ्यांवरच पीएच.डी. करतेस ना? मग सांग, फोन रात्रभर चार्जिंगला लावावा का नाही?"

मी नेहमीसारखी सुरुवात केली, "मामा, ते कशाकशावर अवलंबून आहे..."

मामाने हात वर केला. "हो का नाही, तेवढं सांग."

त्यात मामीने भर घातली. तिच्या भावाचं म्हणणं, बॅटरी पूर्ण उतरू द्यायची आणि मगच लावायची. मोबाइलवर आलेल्या एका बातमीत लिहिलेलं, वीसच्या खाली जाऊ देऊ नका आणि ऐंशीच्या वर नेऊ नका. शेजारचे म्हणतात, काही फरक पडत नाही, दोन वर्षांनी नवीन घ्यायचाच असतो. एकाच वस्तूबद्दल तीन सल्ले, आणि सांगणाऱ्या प्रत्येकाला खात्री.

दुसऱ्या दिवशी मामाच्या दुकानात गेले, तेव्हा या प्रश्नाचं खरं गांभीर्य कळलं. काउंटरवर एक जुना फोन होता, फक्त ऑनलाइन पैसे आल्याचं कळावं म्हणून ठेवलेला. सकाळी दुकान उघडल्यापासून रात्री शटर ओढेपर्यंत तो चार्जरलाच. समोर काच, दुपारनंतर थेट ऊन. हातात घेऊन बघितला तर मागचं झाकण एका बाजूने उचललेलं. करंजी फुगावी तशी बॅटरी आतून फुगली होती. मामा म्हणाला, "रबर लावून ठेवू, चालतोय ना अजून!"

फोन लगेच बंद केला, चार्जर काढला आणि फोन काउंटरवरून हलवला. परतीच्या गाडीत विचार करत होते: घरात सगळे रात्रीच्या चार्जिंगला घाबरत होते, आणि खरा घोटाळा भर दिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चालला होता. असं का झालं? सल्ले तर होते, मग उपयोग का झाला नाही?

संशोधनाकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा छान सरावाचा प्रश्न आहे, म्हणून आज नीट उलगडून बघूया.

आत नेमकं काय चालतं?

फोनमधली बॅटरी लिथियम-आयन प्रकारची. सोनी कंपनीने १९९१ मध्ये ती पहिल्यांदा बाजारात आणली. त्यामागच्या पायाभूत कामासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

रचना सोपी आहे. एका बाजूला ग्रॅफाइट, म्हणजे पेन्सिलच्या शिशात असतो तोच कार्बन, थरांवर थर रचलेला. दुसऱ्या बाजूला लिथियम आणि कोबाल्टसारख्या धातूचं ऑक्साइड. मध्ये इलेक्ट्रोलाइट नावाचा द्रव. चार्ज करताना लिथियमचे आयन ऑक्साइडमधून निघून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात. फोन वापरताना ते परत येतात. एवढंच. (धनाग्र-ऋणाग्र हे शब्द मी मुद्दाम टाळतेय. शाळेत विद्युत अपघटनात शिकलेली नावं इथे लावायला गेलं की हमखास गोंधळ होतो.)

गंमत अशी, की ग्रॅफाइटच्या बाजूला हा द्रव मुळात टिकायलाच नको. पहिल्याच चार्जिंगमध्ये तो थोडा विघटित होतो आणि ग्रॅफाइटवर एक अगदी पातळ थर बसतो. दुधावर साय धरते ना, तसा. ही साय खालच्या द्रवाचं पुढचं विघटन अडवते, पण लिथियमच्या आयनांना आरपार जाऊ देते. इमॅन्युएल पेलेड यांनी १९७९ मध्ये या थराला नाव दिलं, सॉलिड इलेक्ट्रोलाइट इंटरफेज. आम्ही सगळे एसईआय म्हणतो. हा थर नसता तर तुमचा फोन चाललाच नसता.

पण साय पूर्ण थांबत नाही, हळूहळू जाड होत जाते. ती वाढताना थोडं लिथियम तिच्यात कायमचं अडकतं. ते परत कामाला येत नाही. बॅटरी "म्हातारी" होते म्हणजे बहुतांशी हे होतं.

थोडं गणित करूया

समजा दर फेरीत १००० लिथियम आयनांमागे १ हरवला. ऐकायला नगण्य वाटतं. ५०० फेऱ्यांनंतर किती उरतील? ०.९९९ चा ५०० वा घात काढा. उत्तर येतं साधारण ०.६१, म्हणजे ६१ टक्के. बॅटरी कामातून गेली.

आता १०,००० मागे १ हरवला असं धरा. ५०० फेऱ्यांनंतर ९५ टक्के उरतात. दोन बॅटऱ्यांमधला फरक आहे फक्त दशांशचिन्हानंतरच्या चौथ्या अंकाचा. म्हणूनच कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने अतिशय बारकाईने विद्युतभार मोजणारी उपकरणं उभी केली. एवढी छोटी गळती सुरुवातीच्या थोड्या फेऱ्यांत पकडता आली, तर पाचशे फेऱ्या संपेपर्यंत महिनोन् महिने थांबावं लागत नाही.

हे गणित ढोबळ आहे बरं का. प्रत्यक्षात दर फेरीला गळती सारखी नसते. थर जाड होतो तसा त्याच्या वाढीचा वेग मंदावतो. पण कुठल्या आकड्याकडे बघायचं, हे त्यातून कळतं.

मग शंभर टक्के वाईट का?

बॅटरी पूर्ण भरलेली असते तेव्हा दोन्ही बाजू सर्वात जास्त ताणलेल्या असतात. ग्रॅफाइट लिथियमने गच्च भरलेलं, ऑक्साइडमधून बरंच लिथियम निघून गेलेलं आणि व्होल्टेज सर्वात वर, सेल कुठला आहे त्यानुसार ४.२ व्होल्ट किंवा त्याहून थोडं जास्त. अशा अवस्थेत द्रवाचं विघटन दोन्हीकडे वाढतं. त्यातून वायूही तयार होतात. मामाच्या फोनमधली करंजी ती हीच.

यात उष्णता आली की काम आणखी बिघडतं, कारण तापमान वाढलं की रासायनिक क्रिया भराभर होतात, नको असलेल्यासुद्धा.

बॅटरी युनिव्हर्सिटी या संकेतस्थळावर एक तक्ता आहे, जो इंटरनेटवर हजार ठिकाणी उतरवला गेलाय. नुसत्या पडून राहिलेल्या लिथियम-आयन बॅटरीत एका वर्षानंतर किती क्षमता उरते, याचे अंदाज त्यात आहेत. २५ अंश सेल्सिअसला, ४० टक्के चार्ज ठेवला तर ९६ टक्के उरते. पूर्ण चार्ज ठेवला तर ८०. चाळीस अंशांना हेच आकडे ८५ आणि ६५.

हे चार आकडे वहीत दोन ओळी, दोन स्तंभ करून मांडा. फक्त चार्ज वाढवला तर नुकसान ९६ वरून ८०, म्हणजे १६ अंकांचं. फक्त तापमान वाढवलं तर ९६ वरून ८५, म्हणजे ११ अंकांचं. दोन्हींची बेरीज २७. पण दोन्ही एकदम वाढवल्यावर प्रत्यक्ष नुकसान आहे ९६ वरून ६५, म्हणजे ३१. बेरजेपेक्षा जास्त! याला संख्याशास्त्रात आंतरक्रिया म्हणतात: दोन कारणं एकत्र आली की एकमेकांना बळ देतात. प्रयोगाची आखणी शिकताना हे पुस्तकात वाचाल तेव्हा दुकानातला तो फोन आठवा. पूर्ण चार्ज आणि ऊन, दोन्ही एकदम, रोज बारा तास.

आणि लक्षात घ्या, त्या फोनची एकही "फेरी" होत नव्हती. तो वापरलाच जात नव्हता. बॅटरी वापराने झिजते तशी नुसत्या काळानेही झिजते, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "किती वेळा चार्ज केला" एवढंच मोजत बसलो तर अशी बॅटरी कागदावर नवीकोरी दिसते.

तीन सल्ल्यांची कुळकथा

आता मामीकडच्या तीन सल्ल्यांकडे वळू.

"पूर्ण उतरू दे, मग लाव" हा सल्ला खोटा नव्हता. तो वेगळ्या बॅटरीचा होता. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या अर्धवट उतरवून पुन्हापुन्हा चार्ज केल्या की कमी क्षमता "लक्षात ठेवायच्या", त्यामुळे अधूनमधून पूर्ण उतरवणं गरजेचं असायचं. आतलं रसायन बदललं, सल्ला मात्र राहिला. लिथियम-आयनला पूर्ण उतरवणं उपयोगाचं तर नाहीच, उलट शून्यावर महिनोन् महिने पडून राहिली तर ती खराब होते.

"वीस ते ऐंशी" या सल्ल्याला आधार आहे, पण ऐंशी ही काही लक्ष्मणरेषा नव्हे. एक्क्याऐंशीला काहीही घडत नाही. जितका वेळ वरच्या टोकाला, तितकं जास्त नुकसान, असा हळूहळू चढणारा आलेख आहे. तो लोकांना सांगता येत नाही, म्हणून कोणीतरी सोयीचा आकडा निवडला. संशोधनातून बातमीत येताना आलेखाचा असा आकडा होतो आणि आकड्याचा नियम होतो.

"काही फरक पडत नाही" हेही एका अर्थाने बरोबर. फोन दोन वर्षांत बदलणाऱ्याला फरक जाणवणारच नाही. पाच वर्षं चालवणाऱ्याला जाणवेल.

थोडक्यात, तिन्ही सल्ल्यांमागे काहीतरी खरं होतं. प्रत्येकाची अट मात्र वाटेत गळून पडली होती.

अट सुटली की काय होतं, माझाच अनुभव

इतरांना शहाणपण सांगतेय खरं, पण पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. तापमान कायम ठेवणाऱ्या पेटीत जागा मिळत नव्हती, म्हणून शर्टाच्या बटणाएवढे माझे सेल उघड्या टेबलावरच चाचणीला लावले. क्षमतेचा आलेख आला तो लाटांसारखा, वर-खाली, वर-खाली. मला वाटलं काहीतरी नवीन सापडलं! तीन आठवडे कारणं शोधत होते, दोन पानांचं स्पष्टीकरणही लिहून काढलं. शेवटी एका सीनियरने विचारलं, "खोलीतला एसी किती वाजता बंद होतो गं?"

संध्याकाळी सहाला व्हायचा. लाटा त्याच्याच होत्या.

तेव्हापासून कुठलाही आकडा दिसला की मी आधी विचारते, किती अंशांना मोजलाय? प्रयोगशाळेतल्या चाचण्या बहुधा २५ अंशांच्या आसपास होतात. अकोला, चंद्रपूर, नागपूरला मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या आसपास असतो, आणि पत्र्याखालच्या दुकानात काय होत असेल ते तिथे राहिलेल्यांना सांगायला नको. त्या घरांत, त्या दुकानांत २५ अंशांचा आकडा लागू पडेल का? विषय शोधत असाल तर हा प्रश्न टिपून ठेवा.

बातमीतला आकडा कसा वाचायचा

दोन खरी उदाहरणं घेऊ.

ॲपलने आयफोन १५ सप्टेंबर २०२३ मध्ये आणला. तेव्हा कंपनीचं सांगणं होतं, ५०० पूर्ण फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता टिकेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच फोनसाठी आकडा १००० झाला. लोकांच्या खिशातल्या फोनला कोणी हात लावला नव्हता. कंपनीने नव्याने चाचणी केली आणि आकडा बदलला. म्हणजे आकडा बॅटरीबद्दल जेवढं सांगतो, तेवढंच चाचणीबद्दलही सांगतो. तोही "आदर्श परिस्थितीत" या अटीसह.

दुसरं, युरोपीय संघात २० जून २०२५ पासून स्मार्टफोन आणि टॅब्लेटसाठी नवा नियम लागू झाला: किमान ८०० फेऱ्यांनंतर ८० टक्के क्षमता उरलीच पाहिजे. वरचं गणित उलटं करून बघा. दर फेरीत सरासरी किती गळती चालेल? १०,००० मागे तीनपेक्षाही थोडी कमी. (एक फेरी म्हणजे एकदा चार्जर लावणं नव्हे. आज ६० टक्के वापरलं, उद्या ४०, तेव्हा मिळून एक फेरी होते.)

आणि ज्या बातम्या तुम्हाला खुणावतात त्या, "नवीन पदार्थाचा शोध, बॅटरी हजारो वेळा चार्ज करा!" त्यामागचा शोधनिबंध उघडलात तर एक गोष्ट नक्की तपासा: समोरच्या बाजूला काय होतं? अनेक प्रयोगांत नवीन पदार्थासमोर लिथियम धातूची चकती ठेवतात. त्याला अर्ध-सेल म्हणतात. पदार्थाचा अभ्यास करायला ही पद्धत योग्यच आहे, आम्हीही वापरतो. पण त्या चकतीत लिथियमचा भरपूर साठा असतो. दर फेरीत थोडं हरवलं तरी चकती भरून काढते, आणि आलेख सपाट दिसतो. घरच्या फोनमध्ये असा साठा नसतो. कारखान्यात जेवढं लिथियम भरलं, तेवढीच पुंजी. म्हणून अर्ध-सेलमध्ये हजार फेऱ्या टिकलेला पदार्थ पूर्ण सेलमध्ये लवकर मान टाकू शकतो. यात कोणी खोटं बोललेलं नसतं. निबंधात अर्ध-सेल लिहिलेलं असतं, बातमीत ते येत नाही.

तेव्हा बॅटरीची कुठलीही बातमी वाचताना एवढं विचारा:

- किती तापमानाला मोजलं?
- पूर्ण सेल होता की अर्धा? बटणाएवढा की फोनएवढा?
- किती वेगाने चार्ज केला? एका तासात की दहा तासांत?
- फेऱ्या मोजल्या की काळही मोजला?
- किती सेल तपासले? एकच तर नव्हता?

विषय बॅटरीचा नसला, पाणी शुद्ध करणाऱ्या फिल्टरचा असला किंवा कमी विजेच्या पंख्याचा, तरी प्रश्न थोड्याफार फरकाने हेच राहतात.

आता मामाला द्यायचं उत्तर

एवढं सगळं झाल्यावर घरी काय सांगायचं? मी हे सांगितलं:

१. आधी उष्णता टाळा, टक्क्यांचं नंतर बघू. चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली, गादीवर, उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर नको. हाताला गरम लागला तर जाड कव्हर काढा.

२. रात्री चार्जिंगला लावलात तर आभाळ कोसळत नाही. फोन भरला की विद्युतप्रवाह आपोआप थांबतो, तो "जास्त" भरत नाही. प्रश्न फक्त तासन् तास शंभरावर राहण्याचा आहे. हल्लीच्या बऱ्याच फोनमध्ये ऐंशीच्या आसपास थांबण्याची सोय सेटिंगमधल्या बॅटरी विभागात असते. दिवस निघत असेल तर ती चालू करा. प्रवासाला निघताना खुशाल शंभर करा.

३. कायम चार्जरला राहणारी वस्तू, म्हणजे दुकानातला फोन, टेबलावरचा लॅपटॉप, तिच्यासाठी ही मर्यादा सर्वात उपयोगी. सोय नसेल तर दिवसातून थोडा वेळ चार्जर लावा आणि काढा.

४. जलद चार्जिंगला घाबरू नका. ऐंशीनंतर वेग कमी होतो तो बिघाड नसतो. कमाल व्होल्टेज गाठल्यावर फोन स्वतःच प्रवाह उतरवत नेतो. घाई नसेल तेव्हा मात्र साधा चार्जर बरा, उष्णता कमी होते.

५. वापरात नसलेला फोन निम्म्याच्या आसपास चार्ज करून, बंद करून, थंड जागी ठेवा.

६. झाकण उचललेलं दिसलं, स्क्रीन कडेने वर आली, तर तो फोन त्या क्षणापासून वापरायचा नाही. चार्ज करायचा नाही, दाबायचा नाही, बॅटरीला टोचून "हवा काढायची" तर मुळीच नाही. आतला द्रव पेट घेणारा असतो. घरच्या कचऱ्यातही टाकू नका. सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

मामाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे रात्री लावला तरी चालतो. हे आधी सांगितलं असतं तर!"

हे आधी सांगितलं असतं, तर मामा निर्धास्त झाला असता आणि तो फोन उन्हात तसाच रबर लावून राहिला असता. म्हणूनच "अवलंबून आहे" म्हणायची लाज वाटू देऊ नका. फक्त तिथे थांबू नका. कशावर, आणि किती, हे समोरच्याला कळेल असं सांगता आलं पाहिजे. मुलाखतीतही, मार्गदर्शकांसमोरही, आणि फराळाच्या ताटासमोरही.

तो फुगलेला फोन आता सर्व्हिस सेंटरला गेलाय. काउंटरवरचा नवा फोन सावलीत असतो आणि दुपारी दोन तासच चार्जरला लागतो. परवा मामाचा फोन आला होता. शेजारच्या मेडिकलवाल्याच्या काउंटरवरही तसाच एक फोन उन्हात पडलेला असतो म्हणे, मामाने त्याला सांगितलंय. मी विचारलं, "काय सांगितलं?"

"ऊन बघ म्हटलं आधी. बाकी अवलंबून आहे."